क्रिकेटचा पेशा आणि विजय हजारे

सन १९१५ च्या फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेस इंग्लंडांतील हॅन्ली या, चिनी मातीच्या भांड्यांविषयीं प्रसिद्ध असलेल्या गांवीं, एका न्हाव्याच्या घरीं मुलगा जन्मास आला. त्यानंतर सुमारें पांच आठवड्यांनीं, ११ मार्च रोजीं, सांगलीस एका शाळामास्तरांच्या घरीं मुलगा झाला. पहिला स्टॅन्ली मॅथ्यूज, दुसरा विजय सॅम्युएल हजारे. पहिल्यानें फुटबॉलवर आयुष्य काढलें, दुसऱ्यानें क्रिकेटवर. दोघेही वयाच्या पन्नाशीपर्यंत मैदान सोडीनात. दोघांच्याही अंगीं बडबड नव्हती. आणि दोघांनाही खेळ ही निव्वळ मौज नसून चूल पेटविण्याचें साधन होतें. मॅथ्यूज यांचें नांव इंग्लंडांत आबालवृद्धांस ठाऊक आहे. हजारे यांचें नांव आपल्याकडे एका ढालीवर कोरलेलें आहे. परंतु खेळावर पोट चालविणाऱ्या या मनुष्याची वाट कशी होती, हें फारसें सांगितलें जात नाहीं.

इंग्लंडांत त्या काळीं क्रिकेट खेळणारांच्या दोन जाती होत्या, हौशी आणि धंदेवाईक. जाती हा शब्द येथें सहज योजलेला नाहीं. कित्येक मैदानांवर हौशी गृहस्थ एका दारानें येत व मजुरी घेऊन खेळणारे दुसऱ्या. कपडे बदलण्याच्या खोल्या निराळ्या. छापील धांवपत्रकावर हौशी गृहस्थांचीं आद्याक्षरें आडनांवाच्या अगोदर, तर धंदेवाइकांचीं मागाहून. लॉर्ड्सच्या मैदानावर एकदां टिटमस नांवाच्या तरुण धंदेवाईक खेळाडूचीं आद्याक्षरें चुकून अगोदर छापलीं गेलीं, तर ती चूक ध्वनिक्षेपकावरून सर्व प्रेक्षकांस सांगून दुरुस्त करण्यांत आली! सोवळ्याओवळ्याचा मक्ता केवळ आपल्याच देशाकडे होता असें नाहीं. हा भेद मोडला तो १९६२ सालच्या अखेरीस.

फुटबॉलमध्यें प्रकार वेगळा होता. तेथें पगार घेण्यांत कमीपणा नव्हता, पण पगारास वरची मर्यादा घालून दिलेली होती. १९०१ सालीं ती आठवड्यास चार पौंड होती. १९६१ च्या जानेवारींत ती उठविण्यांत आली, तेव्हां वाढत वाढत वीस पौंडांवर पोंचली होती. मॅथ्यूज यांस १९४७ सालीं स्टोकच्या संघानें साडेअकरा हजार पौंडांस ब्लॅकपूलच्या संघाकडे दिलें. ही रक्कम एका संघानें दुसऱ्या संघास दिली. खेळाडूच्या हातीं यावयाचें तें ठराविक साप्ताहिक वेतन. १९५३ च्या चषकाच्या अंतिम सामन्यांत ब्लॅकपूलचा संघ बोल्टनविरुद्ध एक विरुद्ध तीन असा मागें पडला होता आणि अखेर चार विरुद्ध तीन असा जिंकला. त्या सामन्यास लोक आजही मॅथ्यूज यांचा सामना म्हणूनच ओळखतात. तरीही वेतनाची मर्यादा त्यांच्यासाठीं कोणी हलविली नाहीं. मात्र एक गोष्ट त्यांना निश्चित ठाऊक होती. सतराव्या वर्षीं करार झाल्यापासून शनिवारीं कोठें जावयाचें आणि त्याबद्दल काय मिळावयाचें, हें लेखी होतें.

हिंदुस्थानांत तसें कांहीं लेखी नव्हतें. आपल्याकडे धंदेवाईक खेळाडू नव्हतेच, असें जें म्हटलें जातें तें अर्धवट खरें आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खुद्द पुण्यांत, गोऱ्या साहेबांच्या क्लबांत, पालवणकर बाळू हा चांभार समाजांतील तरुण महिना चार रुपयांवर मैदानाची निगा राखी आणि साहेबांस सराव व्हावा म्हणून तासन्‌तास चेंडू टाकी. त्या चार रुपयांच्या चाकरींतून हिंदुस्थानचा पहिला थोर गोलंदाज निघाला. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यानें शंभराहून अधिक गडी बाद केले. त्याच पुण्यांतील हिंदु क्लबासाठीं खेळतांना मात्र त्याला चहा मिळे तो मंडपाच्या बाहेर, निराळ्या मातीच्या पेल्यांतून.

दुसरा मार्ग संस्थानिकांचा. राजेरजवाड्यांस गवई, पहिलवान आणि शिकारी पदरीं बाळगण्याची हौस होती, तींत क्रिकेटपटूंची भर पडली. खेळाडूस दरबारांत किंवा सैन्यांत एखादा हुद्दा द्यावयाचा आणि काम क्रिकेटचें घ्यावयाचें, अशी ती रीत. यांत धंदा असे आणि धंद्याचें नांव नसे. पण करारही नसे. राजेसाहेबांची मर्जी हाच करार.

शाळामास्तरांच्या मोठ्या कुटुंबांत वाढलेल्या हजारे यांस या दोन वाटांखेरीज तिसरी एक दिसत असली पाहिजे, ती पुण्याच्या प्राध्यापक देवधरांची. दिनकर बळवंत देवधर हे सर परशुरामभाऊ कॉलेजांत संस्कृत शिकवीत आणि महाराष्ट्राच्या संघाचें कप्तानपद करीत. पोटाची सोय कॉलेजांत आणि मनाची मैदानावर, असा त्यांचा सरळ हिशेब होता. ही वाट उत्तम, पण ती पदवीधरांची. हजारे यांच्याजवळ होती ती बॅट आणि चेंडू.

१९३४-३५ सालीं रणजी स्पर्धा सुरू झाली, तेव्हांच हजारे महाराष्ट्राकडून खेळूं लागले. आरंभीं त्यांची गणना गोलंदाजांत अधिक होई. पुढें ऑस्ट्रेलियाचे जगप्रसिद्ध फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट हे संस्थानिकांच्या बोलावण्यावरून शिक्षक म्हणून इकडे आले, आणि त्यांचें लक्ष या अबोल तरुणाकडे गेलें. हजारे यांची फलंदाजीस उभें राहण्याची ढब विचित्र होती. बॅट दोन्ही पायांच्या पॅडांमध्यें धरून ते उभे राहत. पुस्तकी शिक्षकानें पहिल्याच दिवशीं ती मोडली असती. ग्रिमेट यांनीं ती बदलूं नये असेंच सांगितलें. शिष्यांत काय सुधारावें यापेक्षां काय तसेंच राहूं द्यावें, हें ज्याला कळतें तो खरा शिक्षक. आणि असे शिक्षक कोणत्याही विषयांत फार नसतात.

त्याचें फळ पुण्यानें पाहिलें. १९३९-४० च्या हंगामांत पुण्यास बडोद्याविरुद्ध हजारे यांनीं नाबाद ३१६ धांवा केल्या. प्रथम दर्जाच्या सामन्यांत त्रिशतक झळकविणारे ते पहिले हिंदी खेळाडू. या डावांतील खरी मौज निराळीच आहे. नवव्या गड्यासाठीं त्यांच्या जोडीस नगरवाला आले. हे मूळचे गोलंदाज. आणि या दोघांनीं मिळून २४५ धांवांची भर घातली. दुसऱ्या टोकाचा जोडीदार कच्चा असला म्हणजे पुष्कळ फलंदाज घाईस येतात. हजारे यांस त्याची संवयच होती असें त्यांच्या पुढील सर्व आयुष्यावरून दिसतें. त्या वर्षीं आणि त्याच्या पुढच्या वर्षींही देवधरांच्या नेतृत्वाखालीं महाराष्ट्रानें रणजी करंडक जिंकला.

याच पुण्यांत १९४८ च्या डिसेंबरांत भाऊसाहेब निंबाळकरांनीं काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धांवा केल्या. ब्रॅडमन यांचा ४५२ धांवांचा विक्रम अवघ्या नऊ धांवांवर राहिला असतां, काठेवाडचे कप्तान राजकोटचे ठाकोरसाहेब यांनीं सामना सोडून दिला आणि तें मंडळ गांवीं परत गेलें. मर्जीवर चाललेल्या खेळाचा हा नमुना विषय निघालाच आहे म्हणून सांगितला.

ज्यांनीं पुण्यांत बडोद्यास धुळीस मिळविलें, त्यांसच बडोद्यानें आपल्या पदरीं घेतलें. १९४१-४२ पासून हजारे बडोद्याकडून खेळूं लागले. संस्थानच्या सैन्यांत त्यांना हुद्दाही मिळाला. ही चाकरी त्यांनीं आपल्या रीतीनें चोख बजाविली. १९४७ च्या मार्चमध्यें बडोद्यास होळकरांच्या संघाशीं अंतिम सामना झाला, तेव्हां हजारे यांनीं २८८ आणि गुल महंमद यांनीं ३१९ धांवा केल्या. चौथ्या गड्यासाठीं दोघांची भागी ५७७ धांवांची. जगांत कोठेंही, कोणत्याही गड्यासाठीं, प्रथम दर्जाच्या सामन्यांत एवढी भागी झालेली नव्हती. हा विक्रम २००६ सालीं सिंहलद्वीपाच्या संगकारा आणि जयवर्धने या जोडीनें ६२४ धांवा करून मोडला, म्हणजे तो एकोणसाठ वर्षें टिकला. बडोद्यानें तो सामना एक डाव ४०९ धांवांनीं जिंकला. असे आंकडे ऐकावयास भारदस्त वाटतात. परंतु एकतर्फी सामन्यांतील धांवांचें मोल किती धरावें याविषयीं जाणत्यांत मतभेद राहणारच.

त्याहून मोलाचा डाव चार वर्षें अगोदर झालेला होता. मुंबईस त्या वेळीं पंचरंगी सामने होत. हिंदु, मुसलमान, पारशी आणि युरोपियन यांचे संघ जातवार असत, आणि यांत न बसणाऱ्या खिस्ती, अँग्लो-इंडियन वगैरे सर्वांचा मिळून एक पांचवा संघ असे. त्याला नांवही 'बाकीचे' असेंच दिलेलें होतें. धर्मावरून संघ पाडण्याची ही चाल गांधीजींसही पसंत नव्हती, आणि १९४६ नंतर ती बंद झाली तें बरेंच झालें. हजारे हे प्रॉटेस्टंट पंथाचे मराठी खिस्ती. त्यामुळें ते या बाकीच्यांत. १९४३ च्या डिसेंबरांत ब्रेबॉर्न मैदानावर अंतिम सामना हिंदूंशीं पडला. विजय मर्चंट यांच्या नाबाद २५० धांवा आणि हिंदूंच्या पांच बाद ५८१. उत्तरादाखल बाकीच्यांचा पहिला डाव १३३ धांवांत आटोपला. त्यांत हजारे यांच्या ५९. दुसऱ्या डावांत संघाच्या ३८७ झाल्या. त्यांत हजारे यांच्या ३०९! शेंकडा ऐंशी धांवा एकट्याच्या. सहाव्या गड्यासाठीं त्यांचे धाकटे बंधु विवेक यांच्यासह ३०० धांवांची भागी झाली, तींत विवेक यांचा वांटा २१ धांवांचा. पण त्या २१ धांवांस हंसूं नये. भावानें कित्येक तास टोक संभाळलें म्हणूनच दुसरें टोक धांवा करूं शकलें. सामना अर्थात् हिंदूंनीं जिंकला, एक डाव ६१ धांवांनीं.

या सामन्यांतील दोन विजयांची तुलना पुष्कळ वर्षें चालली. मर्चंट हे मुंबईच्या धनाढ्य गिरणीमालक घराण्यांतले. त्यांना खेळाकडून पैशाची अपेक्षा नव्हती. हजारे यांची स्थिति याच्या उलट. दोघांमध्यें चढाओढ होती, पण वैर नव्हतें. इतकेंच नव्हे, तर १९५१ सालीं दिल्लीस इंग्लंडविरुद्ध दोघांनीं एकाच डावांत शतकें केलीं, मर्चंट यांनीं १५४ व हजारे यांनीं नाबाद १६४.

१९४६ सालीं हजारे यांस कसोटी सामन्यांत प्रवेश मिळाला, वयाच्या एकतिसाव्या वर्षीं. महायुद्धानें त्यांच्या उमेदीचीं वर्षें खाऊन टाकलीं होतीं. मॅथ्यूज यांचीही तीच गत झाली. त्यांच्या कसोटी कारकीर्दीचा मुकुटमणि ॲडिलेडचा, १९४८ च्या जानेवारीचा. ऑस्ट्रेलियानें ६७४ धांवा केल्या होत्या. लिंडवॉल आणि मिलर यांच्या वेगापुढें हजारे यांनीं पहिल्या डावांत ११६ आणि दुसऱ्यांत १४५ धांवा काढल्या. एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले हिंदी. आणि ज्या ब्रॅडमन यांनीं त्या सामन्यांत २०१ धांवा केल्या, त्यांचा त्रिफळा उडविणाराही हजारेच. हिंदुस्थान हरला, एक डाव १६ धांवांनीं. तरीही बडोद्याच्या २८८ पेक्षां हा १४५ चा डाव मोठा मानिला पाहिजे.

पुढच्या वर्षीं, १९४९ च्या फेब्रुवारींत, मुंबईस वेस्ट इंडीजविरुद्ध पांचवी कसोटी झाली. जिंकण्यास ३६१ धांवा हव्या होत्या. हजारे यांनीं १२२ काढल्या, फडकर शेवटपर्यंत झुंजले, आणि आठ बाद ३५५ या आंकड्यावर वेळ संपल्याचें जाहीर झालें. पहिला कसोटी विजय सहा धांवांनीं हुकला.

त्याच वर्षीं मे महिन्यांत बडोदें संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. राजाश्रयाचा काळ संपत आला होता, आणि त्याच उन्हाळ्यांत हजारे इंग्लंडांतील लॅंकेशायर लीगमध्यें रॉटनस्टॉल या क्लबाचे धंदेवाईक खेळाडू म्हणून रुजू झाले. पुढें ते रॉयटनकडूनही खेळले. ही लीग म्हणजे कापूस-गिरण्यांच्या लहान लहान गांवांची. प्रत्येक क्लबांत सारे खेळाडू गांवचे, आठवडाभर गिरणींत किंवा दुकानांत राबणारे. फक्त एकच बाहेरचा, पगारी. शनिवारीं दुपारीं सामना. क्लब त्याला पैसे देई ते त्यानें धांवा कराव्या, गडी बाद करावे आणि गांवच्या पोरांस शिकवावें म्हणून. पगारी खेळाडूनें पन्नास धांवा केल्या कीं मैदानाभोंवतीं पेटी फिरविण्याची चाल होती. गिरणीकामगार त्यांत आपल्या खिशांतील नाणीं टाकीत. तो मात्र शून्यावर बाद झाला तर गांवभर आठवडाभर त्याचीच चर्चा. नेल्सनच्या क्लबांत वेस्ट इंडीजचे कॉन्स्टंटाइन यांनीं १९२९ पासून ही वाट पाडून ठेविली होती, आणि आपले अमरसिंग कोल्नकडून खेळून गेले होते. हजारे गेले त्या वर्षीं रॉटनस्टॉलशेजारच्या बेकपमध्यें वेस्ट इंडीजचे वीक्स आले होते. मुंबईच्या मैदानावर समोरासमोर उभे राहिलेले हे दोघे थोड्याच महिन्यांनीं पावसाळी इंग्रजी खोऱ्यांत शेजारी होऊन बसले. ही चाकरी दरबारच्या चाकरीहून कठीण होती. पण काम काय व मोबदला काय हें दोन्ही पक्षांस आगाऊ ठाऊक होतें.

परत आल्यावर १९५१-५२ सालीं हजारे हिंदुस्थानचे कप्तान झाले. येथें त्यांच्या गुणदोषांचा प्रश्न येतो. कप्तान म्हणून ते सावध होते, अतिसावध म्हटलें तरी चालेल. धोका पत्करून सामना जिंकण्यापेक्षां तो न हरणें त्यांना बरें वाटे. पगारी मनुष्याला धोका पत्करण्याची संवय कोठून असावी? तरी हिंदुस्थानचा पहिला कसोटी विजय त्यांच्याच नांवावर आहे. १९५२ च्या फेब्रुवारींत मद्रासेस, सामन्याच्या पहिल्याच दिवशीं इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज निवर्तल्याची वार्ता आली आणि दुसरा दिवस सुटीचा ठरला. पुढें विनू मंकड यांनीं दोन डावांत मिळून बारा गडी बाद केले, पंकज रॉय आणि उम्रीगर यांनीं शतकें काढलीं, आणि इंग्लंड एक डाव आठ धांवांनीं पराभूत झाला. कसोटीच्या आखाड्यांत उतरल्यास हिंदुस्थानास वीस वर्षें होत आलीं होतीं.

त्याच उन्हाळ्यांत संघ इंग्लंडास गेला. मंकड मात्र संघांत नव्हते. हॅसलिंग्डन या लीग क्लबानें त्यांना बोलाविलें होतें. आपली निवड निश्चित होणार असेल तर आपण क्लबास नकार देऊं, असें त्यांनीं मंडळास विचारलें. मंडळानें हमी दिली नाहीं. कुटुंबवत्सल मनुष्यानें काय करावें? त्यांनीं करार केला. पहिली कसोटी हरल्यावर मंडळास क्लबापुढें हात जोडावे लागले. मंकड लॉर्ड्सवर आले आणि ७२ व १८४ धांवा काढून, पहिल्या डावांत ७३ षट्कें टाकून पांच गडी त्यांनीं बाद केले. सामना तरीही हरलाच. जें मंडळ खेळाडूस वेतन देत नाहीं, त्यानें तो आपला बांधील आहे असें धरून चालावें, ही गोष्ट आज वाचतांनाही खटकते.

पहिली कसोटी लीड्सची. इंग्लंडचे कप्तान होते लेन हटन. एकोणिसाव्या शतकानंतर इंग्लंडनें धंदेवाईक खेळाडूस कप्तान नेमण्याचा हा पहिलाच प्रसंग, आणि त्यावरून तेथील वृत्तपत्रांत बरीच खळबळ माजली होती. नाणेफेकीस त्यांच्यासमोर जो उभा राहिला, तो गृहस्थही त्यांच्याच देशांत शनिवारच्या मजुरीवर खेळून गेलेला होता, याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. पहिल्या डावांत हजारे यांनीं ८९ धांवा केल्या आणि विजय मांजरेकर या वीस वर्षांच्या पोराबरोबर २२२ धांवांची भागी केली. दुसऱ्या डावांत ट्रूमन या नवख्या गोलंदाजाच्या धडाक्यानें फलकावर शून्यावर चार असा आंकडा लागला. कसोटीच्या इतिहासांत असा आरंभ कोणी पाहिलेला नव्हता. अशा वेळीं हजारे यांनीं ५६ आणि फडकर यांनीं ६४ काढून १०५ धांवांची भर घातली. पुण्याचा नवव्या गड्याचा डाव आणि ब्रेबॉर्नवरची भावाची सोबत ज्यांनीं पाहिली, त्यांना यांत नवल वाटलें नसेल.

कप्तानपदानें त्यांची फलंदाजी खाल्ली, असें मर्चंट यांचें मत होतें. तें कांहीं अंशीं खरें असावें. तरी त्याच काळांत मुंबईस पाकिस्तानविरुद्ध त्यांच्या नाबाद १४६ धांवा झाल्या, हेंही विसरूं नये. १९५३ मध्यें वेस्ट इंडीजचा दौरा आटोपल्यावर ते पुन्हा कसोटी खेळले नाहींत. तीस कसोट्यांत २१९२ धांवा, सरासरी ४७.६५, सात शतकें. प्रथम दर्जाच्या सर्व सामन्यांत मिळून १८,७४० धांवा, साठ शतकें. आणि ५९५ बळी, जे फलंदाजीच्या दिपवणुकींत नेहमीं विसरले जातात.

बडोदें त्यांनीं सोडलें नाहीं. कसोटीतून निवृत्त झाल्यावरही ते रणजी सामने खेळत राहिले आणि शेवटचा प्रथम दर्जाचा सामना १९६६-६७ च्या हंगामांत खेळले, वय एक्कावन्नाचें. दोन वर्षांपूर्वीं, १९६५ च्या फेब्रुवारींत, पन्नाशी उलटून पांच दिवस झाले असतां मॅथ्यूज यांनीं स्टोककडून शेवटचा लीग सामना खेळला होता. त्या वर्षीं त्यांना सर ही पदवी मिळाली. हजारे यांस १९६० सालीं पद्मश्री मिळाली होती. १८ डिसेंबर २००४ रोजीं बडोद्यास त्यांचें निधन झालें. त्यांच्या नांवाची एकदिवसीय सामन्यांची ढाल दोन वर्षें अगोदरपासून सुरू झालेली होती, आणि दर हंगामीं प्रांतोप्रांतींचे तरुण आतां तीसाठीं खेळतात.